प्रौढ वयातील दातांच्या तारा

वेडेवाकडे, पुढे आलेले किंवा फटी पडलेले दात योग्य जागी आणण्यासाठी दातांवर बसवल्या जाणाऱ्या साधनास ब्रेसेस असे म्हणतात. बोलीभाषेत यासाठी 'तारा' आणि 'क्लिप' हे शब्द रूढ आहेत. त्यांपैकी 'तारा' अधिक समर्पक होय. कारण दात सरकवणारा जोर तारेचा असतो, दातावर चिकटवलेले ब्रॅकेट ती तार केवळ धरून ठेवते.

हा उपचार शाळकरी वयातच होतो, हा समज बरोबर नाही. तारेच्या दाबामुळे दाताच्या एका बाजूचे हाड झिजते व दुसऱ्या बाजूस नवे हाड तयार होते. ही क्रिया प्रौढपणीही चालू राहते. मात्र जबड्याची वाढ तोवर पूर्ण झालेली असते. त्यामुळे दोष जबड्याच्या ठेवणीतच असल्यास केवळ तारांनी तो जात नाही. काही वेळा शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते.

पूर्वतपासणी

प्रौढांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा प्रश्न दातांच्या वाकडेपणाचा नसून हिरड्यांचा असतो. हिरड्यांचा रोग चालू असताना तारा बसवल्यास दातांभोवतीचे हाड वेगाने झिजून दात हलू लागण्याचा धोका असतो. म्हणून क्ष-किरण चित्रे व दातांचे साचे घेण्याबरोबरच हिरड्यांची तपासणी आणि किडलेल्या दातांवर उपचार आधी व्हावे लागतात. मधुमेह, तंबाखूचे व्यसन आणि हाडांच्या ठिसूळपणावरील औषधे यांची माहिती दंतवैद्यास अवश्य द्यावी. कृत्रिम रोपण केलेला (इम्प्लांट) दात तारेने सरकत नाही, हेही आराखडा करताना लक्षात घेतले जाते. जागा करण्यासाठी कधी कधी दाढेपुढील उपदाढा काढाव्या लागतात.

तारा बसवणे

पूर्वी प्रत्येक दाताभोवती धातूचे कडे बसवीत. १९५५ साली मायकेल ब्युनोकोर यांनी आम्लाने दातावरील कवच किंचित खरखरीत करण्याची पद्धत मांडली. पुढे तिच्यामुळेच ब्रॅकेट थेट दातावर चिकटवणे शक्य झाले. आज दात स्वच्छ करून आम्ल लावतात, ब्रॅकेट ठेवून निळ्या प्रकाशाने चिकटद्रव्य कठीण करतात आणि मग तार ओवतात. यास साधारणतः एक ते दोन तास लागतात. बसवताना दुखत नाही, त्यामुळे भुलीचे इंजेक्शन लागत नाही.

ठणका काही तासांनी सुरू होतो, दुसऱ्या दिवशी सर्वाधिक असतो आणि आठवडाभरात ओसरतो. या काळात वरणभात, मऊ खिचडी असा आहार सोयीचा पडतो. गाल किंवा ओठ सोलवटल्यास ब्रॅकेटवर विशिष्ट मेण लावतात. चिक्की, चकली, ऊस, सुपारी यांनी ब्रॅकेट निखळते, म्हणून हे पदार्थ उपचार संपेपर्यंत वर्ज्य. हळदीमुळे पारदर्शक रबरी कड्या पिवळ्या पडतात. मराठी स्वयंपाकघरात हे टाळणे कठीणच. परंतु पुढील भेटीत कड्या बदलल्या जातात.

कालावधी

दर चार ते आठ आठवड्यांनी तपासणी होते. उपचारास बहुधा दीड ते दोन वर्षे, गुंतागुंतीच्या प्रकरणी अधिक काळ लागतो. क्वचित दातांची मुळे आखूड होतात. प्रौढांमध्ये सरळ झालेल्या दातांमध्ये हिरडीलगत काळसर त्रिकोणी फट दिसू शकते. याची कल्पना आधीच दिलेली बरी.

तारा काढल्यावर दात मूळ जागी परतू पाहतात. त्यांना रोखण्यासाठी रिटेनर नावाचे साधन वापरावे लागते: सुरुवातीस बहुतेक वेळ, नंतर केवळ रात्री, आणि तेही दात सरळ ठेवायचे असतील तितकी वर्षे.