कोणाच्याही हातचं पाणी

कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा अर्पण करायची तर धर्मगुरूच लागतो. पापनिवेदन ऐकायला तोच, आजाऱ्याला तेल लावून प्रार्थना करायलाही तोच. पण माणूस ज्या संस्काराने ख्रिस्ती होतो तो बाप्तिस्मा मात्र प्रसंग पडला तर कोणीही देऊ शकतं. प्रसूतिगृहातली नर्स, शेजारीण, बोटीवरचा सहप्रवासी. इतकंच काय, जो स्वतः ख्रिस्ती नाही असा माणूससुद्धा. १९८३ च्या धर्मसंहितेतलं ८६१ वं कलम तसं स्पष्ट सांगतं. एरवी हे काम बिशप, धर्मगुरू आणि डीकन यांचं. पण गरज खरी असेल आणि चर्च जे करतं तेच करण्याचा हेतू असेल, तर कोणाचाही हात चालतो.

ही मुभा सहजासहजी मिळालेली नाही. तिच्यासाठी हजार-बाराशे वर्षं वाद झाले.

सुरुवातीला सगळा कारभार बिशपच्या हाती होता. इ.स. ११० च्या सुमारास अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस लिहितो की, बिशपला वगळून बाप्तिस्मा देणं योग्य नाही. पुढे २०० च्या आसपास कार्थेजचा टर्टुलियन उतरंड लावून देतो: पहिला हक्क बिशपचा, त्याच्या संमतीने धर्मगुरूंचा आणि डीकनांचा, आणि जिवावर बेतलं तर साध्या ख्रिस्ती पुरुषाचाही. बायकांना मात्र त्याने साफ मनाई केली. त्याला राग होता थेक्लाच्या कथेचा. संत पौलाची ही शिष्या रिंगणात श्वापदांपुढे उभी असताना पाण्यात उडी घेते आणि स्वतःच स्वतःला बाप्तिस्मा देते, अशी ती कथा. तिचा दाखला देऊन काही बायका हा हक्क सांगत होत्या. टर्टुलियनने उत्तर दिलं की, ही कथा आशियातल्या एका धर्मगुरूने रचलेली आहे, त्याने तसं कबूल केलंय आणि त्यापायी त्याचं पदही गेलंय.

चौथ्या शतकाच्या आरंभी स्पेनमधल्या एल्व्हिराच्या धर्मसभेने प्रवासातल्या आजारपणाचा विचार केला. बोटीवर किंवा चर्चपासून लांब कोणी दीक्षार्थी मरणाच्या दारी असेल, तर सामान्य ख्रिस्ती माणसाने त्याला बाप्तिस्मा द्यावा. मात्र देणाऱ्याचं दुसरं लग्न झालेलं नसावं. दार किलकिलं झालं होतं, पण उंबऱ्यावर देणाऱ्याची चौकशी होतच होती.

ही चौकशी बंद झाली ती वेगळ्याच भांडणामुळे. पाखंडी ठरलेल्या पंथात ज्यांचा बाप्तिस्मा झाला, ते परत चर्चमध्ये आले तर त्यांना पुन्हा पाण्यात उतरवायचं का? कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, उतरवायचं. ज्याच्यापाशी पवित्र आत्माच नाही तो दुसऱ्याला काय देणार? २५६ साली त्याने कार्थेजला ८७ बिशपांची सभा भरवून हेच मत मांडून घेतलं. रोमचा बिशप स्टीफन मात्र अडून बसला: संस्कार एकदा झाला तो झाला. ३१४ साली आर्ल्सच्या धर्मसभेने रोमची बाजू घेतली. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावाने दिलेला असेल, तर बाप्तिस्मा पुन्हा द्यायचा नाही.

त्याच सुमारास उत्तर आफ्रिकेत डोनाटिस्टांनी वाद पेटवला. ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात ज्यांनी पवित्र ग्रंथ सरकारी शिपायांच्या हवाली केले, अशा बिशपांचे संस्कार बाटले, असं त्यांचं म्हणणं. हिप्पोच्या ऑगस्टीनने त्यावर जो तोडगा मांडला, तो आजतागायत टिकून आहे. बाप्तिस्मा देणारा खरा ख्रिस्तच. समोर दिसणारा माणूस निमित्तमात्र. मग तो सज्जन की दुर्जन, यावर संस्कार अवलंबून कशाला राहील?

एकदा हे मान्य केल्यावर मागे फिरता येईना. ८६६ साली नव्याने ख्रिस्ती झालेल्या बल्गेरियातून पोप निकोलस पहिला याच्याकडे प्रश्नांची यादी आली. त्यातला एक असा: आमच्याकडे एका यहुदी माणसाने पुष्कळांना बाप्तिस्मा दिलाय, त्याचं काय करायचं? पोपने कळवलं की, त्रैक्याच्या नावाने दिला असेल तर ग्राह्य. १४३९ साली फ्लॉरेन्सच्या धर्मसभेने यादीच करून टाकली: निकडीच्या वेळी डीकन, साधा पुरुष, बाई, अगदी पाखंडी आणि अख्रिस्तीसुद्धा. थेक्लाचा मार्ग मात्र बंदच राहिला. १२०६ साली मरणाच्या भीतीने स्वतःलाच बाप्तिस्मा दिलेल्या एका यहुद्याची हकीकत पोप इनोसंट तिसरा याच्यापुढे आली. देणारा आणि घेणारा निराळे हवेत, असं सांगून त्याने तो बाप्तिस्मा अमान्य केला.

ज्या बायकांना टर्टुलियनने अडवलं होतं, त्यांच्याच हाती हे काम सगळ्यात जास्त आलं. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या अर्भकाला स्वर्ग नाही ही धास्ती, आणि बाळंतिणीच्या खोलीत हजर असायची ती सुईण. म्हणून गावच्या धर्मगुरूने सुईणींना नेमके शब्द शिकवावेत, अशी फर्मानं निघू लागली. पाणी डोक्यावरून वाहिलं पाहिजे आणि ते वाहत असतानाच शब्द उच्चारले पाहिजेत, ही त्यातली मेख. मूल वाचलं तर धर्मगुरू सुईणीला खोदून खोदून विचारी. शंका राहिली तर ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी पुस्ती जोडून पुन्हा पाणी घाली. १७३३ साली तर पॅरिसच्या सोर्बोनमधल्या पंडितांपुढे प्रश्न आला की, अडलेल्या मुलाला पोटात असतानाच पिचकारीने पाणी पोचवलं तर चालेल का? लॉरेन्स स्टर्नने ते निवेदन आपल्या ‘ट्रिस्ट्रम शँडी’ कादंबरीत चवीने छापलंय.

प्रॉटेस्टंटांत यावर दोन तट पडले. लूथरला सुईणीचा बाप्तिस्मा मान्य होता. कॅल्व्हिनने जिनीव्हात तो बंद पाडला. मूल तारायला देवाचं वचन पुरे, घाई कशाची, हे त्याचं म्हणणं. इंग्लंडमध्ये १६०४ च्या हॅम्प्टन कोर्ट परिषदेनंतर राजा जेम्सच्या आग्रहाने प्रार्थनापुस्तकात घरगुती बाप्तिस्म्यासाठीही अधिकृत पाळकाची अट घातली गेली.

मोकळ्या दाराची किंमत कोणाला मोजावी लागेल, ते १८५८ साली बोलोन्यात दिसलं. तिथे तेव्हा पोपचं राज्य होतं. २३ जूनच्या संध्याकाळी मोर्तारा या यहुदी कुटुंबाच्या दारात शिपाई आले. घरच्या जुन्या मोलकरणीने, आन्ना मोरिसीने, सांगितलं होतं की मोर्तारांचा मुलगा एडगार्डो तान्हा असताना फार आजारी पडला, तेव्हा आपण गुपचूप त्याच्यावर पाणी शिंपडलं. संस्कार ग्राह्य ठरला. ख्रिस्ती मूल यहुद्यांच्या घरात वाढता कामा नये, असा तिथला कायदा. सहा वर्षांचं पोर आईबापांपासून तोडून रोमला नेलं. युरोपभर गहजब झाला, नेपोलियन तिसरा यानेही निषेध केला. पोप पायस नववा बधला नाही. एडगार्डो पुढे धर्मगुरू झाला आणि १९४० साली बेल्जियममध्ये वारला. मोलकरणीच्या हातचं पाणी पोपच्या हातचं असतं तेवढंच पक्कं ठरलं होतं.

हाताची चौकशी जसजशी सुटली, तसतसं शब्दांवरचं लक्ष वाढत गेलं. काही ठिकाणी ‘मी तुला बाप्तिस्मा देतो’ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ म्हणायची टूम निघाली. आईबाप, आप्तेष्ट सगळेच सामील व्हावेत हा हेतू. ऑगस्ट २०२० मध्ये व्हॅटिकनने असे बाप्तिस्मे अमान्य ठरवले. आधार ऑगस्टीनच्याच विचाराचा: देणारा ख्रिस्त आहे, जमलेली मंडळी नव्हेत.

ते वाचून अमेरिकेतल्या डेट्रॉइटच्या एका तरुण धर्मगुरूने आपल्या बाप्तिस्म्याची घरगुती व्हिडिओफीत लावून पाहिली. डीकन ‘आम्ही’ म्हणत होता. म्हणजे याचा बाप्तिस्माच झालेला नाही. बाप्तिस्मा नाही म्हणून धर्मगुरूपदाची दीक्षाही नाही. तीन वर्षं त्याने अर्पण केलेल्या मिस्सा आणि ऐकलेली पापनिवेदनं एका फटक्यात अमान्य झाली. त्याला सगळे संस्कार नव्याने घ्यावे लागले. तेवढ्या काळात त्याने स्वतः दिलेले बाप्तिस्मे मात्र धर्मप्रांताने कायम ठेवले. ते द्यायला धर्मगुरू असावं लागत नाही. ख्रिस्ती असणंही लागत नाही.