एनजे ९८४२ च्या पुढे

१९४९ च्या जुलैत कराचीत भारत-पाकिस्तानच्या लष्करी अधिकाऱ्यांनी काश्मीरची युद्धबंदी रेषा नकाशावर आखली. ती एनजे ९८४२ या बिंदूपाशी थांबली. पुढे उत्तरेला हिमनद्यांपर्यंत, एवढं लिहून मंडळी उठली. तिकडे कोण कशाला जातंय, असाच हिशेब असावा.

या सैलपणाचं मूळ मोजणीच्या पद्धतीत असावं, असं आधी वाटतं. १८५६ साली ब्रिटिश सर्वेक्षक माँटगोमेरी यांनी काश्मीरमधल्या हरमुख पर्वतावरून दोनशे किलोमीटरवरची काराकोरमची शिखरं पाहिली आणि त्यांना ‘के १’, ‘के २’ असे क्रमांक दिले. दोन-तीन ठिकाणांहून कोन घेतले की शिखराची जागा लांबूनही पक्की होते. हिमनदी मात्र डोंगराआड, दरीत पडलेली. तिच्यासाठी प्लेन टेबल, म्हणजे जागेवरच नकाशा काढायची फळी, पाठीवर बांधून बर्फावरच जावं लागतं. १८६१ मध्ये सर्वेक्षक गॉडविन-ऑस्टिन बाल्टोरो हिमनदीवर तसे गेले. एनजे ९८४२ च्या पुढच्या सियाचिन हिमनदीच्या मुखाशी हेन्री स्ट्रेची १८४८ लाच पोचले होते, पण तिचं वरचं अंग अंदाजानेच रेखाटलं जाई.

तो अंदाज १९०९ मध्ये मोडला. टॉम लाँगस्टाफ हे डॉक्टर-गिर्यारोहक बिलाफोंड ला ही खिंड चढले. नकाशाप्रमाणे मुख्य पाणलोटाची रेषा तिथेच असायला हवी होती. पलीकडे दिसली ती अवाढव्य हिमनदी सियाचिनच निघाली, आणि तिचं पाणी दक्षिणेला नुब्रा खोऱ्यात उतरत होतं. पाणलोटाची रेषा एकदम कितीतरी मागे ईशान्येला सरकवावी लागली.

१९१२ मध्ये अमेरिकी गिर्यारोहक फॅनी बुलक वर्कमन तिथे पोचल्या. स्त्रियांच्या मताधिकाराची मागणी करणारं वर्तमानपत्र हाती धरलेला त्यांचा बर्फावरचा फोटो प्रसिद्ध आहे. बाई जिद्दीच्या, यात शंका नाही. पण मोजणी केली ती ग्रँट पीटरकिन आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे सर्जन सिंग यांनी. फोटोइतकी त्यांची आठवण कोणी काढत नाही.

म्हणजे १९४९ मध्ये सियाचिनचा नकाशा होता. नव्हती ती फक्त रेषा. पुढे अमेरिकी नकाशांनी ती परस्परच एनजे ९८४२ पासून थेट काराकोरम खिंडीपर्यंत ओढली. दोन्ही देशांत तसा कुठलाही करार नव्हता. असा एक नकाशा भारतीय लष्कराचे कर्नल नरेंद्र कुमार यांच्या नजरेस पडला, आणि १९७८ मध्ये ते मोहीम घेऊन हिमनदीवर गेले. शेवटी हिमनदीचा ताबा घेण्यासाठी १३ एप्रिल १९८४ रोजी कुमाऊँ रेजिमेंटचे कॅप्टन संजय कुलकर्णी आपल्या जवानांसह हेलिकॉप्टरने बिलाफोंड ला वर उतरले.