गोधडी: जुन्या साड्यांचं हे पांघरूण खरंच पर्यावरणपूरक आहे का?

'टाकाऊपासून टिकाऊ' म्हटलं की प्लास्टिकच्या बाटलीची कुंडी, आइस्क्रीमच्या काड्यांची फोटोफ्रेम किंवा जुन्या सीडीचं तोरण डोळ्यांसमोर येतं. पण महाराष्ट्राच्या घराघरांत यापेक्षा कितीतरी जुनी आणि रोज वापरली जाणारी टाकाऊपासून टिकाऊ वस्तू आहे, ती म्हणजे गोधडी. फाटलेली लुगडी, विरलेली धोतरं आणि लहान झालेली परकर-पोलकी एकत्र शिवून तयार होणारं पांघरूण.

गेल्या काही वर्षांत गोधडी शहरातल्या प्रदर्शनांत आणि ऑनलाइन दुकानांतही दिसू लागली आहे. तिच्यावर 'इको-फ्रेंडली' अशी चिठ्ठीही असते. हा दावा कधी खरा असतो आणि कधी नसतो, हे समजण्यासाठी गोधडी बनते कशी, हे आधी पाहायला हवं.

गोधडी म्हणजे नेमकं काय?

जुन्या कापडाचे अनेक थर एकावर एक ठेवून हाताने धावदोरा घालत शिवलेलं अंथरूण-पांघरूण म्हणजे गोधडी. पश्चिम महाराष्ट्राच्या अनेक भागांत तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या बाळासाठी शिवलेली छोटी, मऊ गोधडी म्हणजे दुपटं.

गोधडीत कापूस भरलेला नसतो. हाच तिच्यात आणि गादी किंवा रजईत मुख्य फरक आहे. मग ऊब कुठून येते? कापडाच्या थरांमध्ये हवा अडकून राहते आणि ही हवा अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. थर वाढवले की ऊब वाढते. म्हणून उन्हाळ्यासाठी पातळ आणि थंडीसाठी जाड गोधडी शिवली जाते.

अशी कला फक्त महाराष्ट्रात नाही. बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी आणि सिंध-राजस्थानच्या पट्ट्यात रल्ली शिवतात. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या महिला कवंदी शिवतात. तिच्या कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्या असतात, त्यांना 'फुला' म्हणतात. नावं वेगळी असली तरी मूळ एकच आहे: विरलेलं कापड फेकायचं नाही.

ती कशी शिवतात?

पहिलं काम निवडीचं. कापड धुऊन, वाळवून त्याचा विरलेला भाग काढून टाकला जातो. काठ आणि पदर सहसा जास्त मजबूत असतात, त्यामुळे ते कडेला लावायला उपयोगी पडतात.

त्यानंतर सपाट जमिनीवर सर्वांत खालचं अखंड कापड ताणून पसरतात. त्याला अस्तर म्हणता येईल. त्यावर लहान-मोठे तुकडे असे रचतात की कुठेही खळगा किंवा उंचवटा राहू नये. वरून पुन्हा एक चांगलं कापड किंवा रंगीत तुकड्यांची जोडणी येते. थर सरकू नयेत म्हणून आधी मोठे, कच्चे टाके घालतात.

मग खरी शिलाई सुरू होते. लांब, जाड सुई आणि मजबूत सुती दोरा लागतो. अनेक ठिकाणी कडेपासून सुरुवात करून चौकटीमागून चौकट घालत मध्यापर्यंत येतात. यामुळे कापड एकसारखं ताणलेलं राहतं.

यात मेहनत किती असते, याचा साधा हिशेब करता येतो. सहा फूट बाय चार फूट म्हणजे साधारण १.८ मीटर बाय १.२ मीटरची गोधडी घेतली आणि टाक्यांच्या ओळींत २ सेंटिमीटरचं अंतर ठेवलं, तर जवळपास १०८ मीटर शिलाई होते. सेंटिमीटरला एक टाका धरला तरी १० हजारांहून जास्त टाके होतात, तेही कापडाच्या पाच-सहा थरांतून.

पर्यावरणाचा फायदा कुठे होतो?

नऊवारी साडी सुमारे ८.२ मीटर लांब असते. गोधडीच्या मापाने तिच्या घड्या घातल्या तर चार थर निघतात. फाटका भाग वगळला तर पाच-सहा थरांच्या एका गोधडीला साधारण दोन साड्या लागतात. म्हणजे जवळजवळ टाकून द्यायच्या झालेल्या दोन साड्या आणखी काही वर्षं वापरात राहतात.

याचं मोल कापसाच्या पाण्यात आहे. जगाची सरासरी पाहिली तर एक किलो सुती कापडामागे सुमारे १० हजार लिटर पाणी खर्च होतं. त्यात शेतातल्या पावसाच्या पाण्यापासून रंगाई-धुलाईच्या पाण्यापर्यंत सगळं धरलेलं असतं. जुनं कापड वापरून नवं पांघरूण घेणं टळलं, तर तितक्या नव्या कापडाची गरज टळते.

दुसरा फायदा शेवटी दिसतो. सुती गोधडी जुनी झाली की तिची दुसऱ्या गोधडीत भर पडते, नाहीतर तिचं पायपुसणं होतं आणि शेवटी पोतेरं. सुती कापड आणि सुती दोरा दोन्ही मातीत कुजतात. बाटलीवर रंग, चमकी आणि गोंद चढवून केलेल्या शोभेच्या वस्तूचं तसं होत नाही. ती काही महिन्यांनी कचऱ्यातच जाते आणि वेगवेगळे पदार्थ चिकटल्यामुळे तिच्या प्लास्टिकचा पुनर्वापरही अवघड होतो.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण कच्च्या मालाची. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने सिंथेटिक धाग्याला मोठी वाट मोकळी करून दिली. स्वस्त, पटकन वाळणाऱ्या आणि इस्त्री न लागणाऱ्या साड्या घरोघरी पोहोचल्या. त्या महिलांच्या सोयीच्याच होत्या. पण असं कापड घाम शोषत नाही, थरात सरकतं, कुजत नाही आणि धुताना त्याचे सूक्ष्म प्लास्टिक तंतू पाण्यात मिसळतात. अशा साड्यांची गोधडी कचरा लांबणीवर टाकते, संपवत नाही.

उरलेल्या सुती साड्यांनाही दुसरी वाट असते. भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेणारी बोहारीण अनेक घरांच्या ओळखीची आहे. तिने नेलेले कपडे जुन्या बाजारात पुन्हा विकले जातात. तोही पुनर्वापरच आहे.

दुसरी अडचण बाजारामुळे येते. गोधडीला मागणी आली की एकसारखे रंग आणि एकसारखी मापं लागतात. जुन्या साड्यांतून ती मिळत नाहीत, म्हणून नवं कापड आणून त्याचे तुकडे केले जातात. कांथ्याच्या बाबतीत असा बदल आधीच झाला आहे. पूर्वी जुन्या साड्यांवर, त्यांच्याच काठातून काढलेल्या दोऱ्याने कांथा शिवला जाई. आज बाजारातलं बरंचसं कांथाकाम नव्या रेशमी किंवा सुती कापडावर असतं. ती सुंदर हस्तकला आहे, पण तिला पुनर्वापर म्हणता येत नाही.

शिलाईचा हिशेब कोण करतं?

'घरातल्या फुकट कापडाची तर आहे, मग इतकी महाग का?' असा प्रश्न गोधडी विकत घेताना अनेकांना पडतो. कापड जवळपास फुकट असतं हे खरं, पण वेळ फुकट नसतो. समजा एका गोधडीला सगळं मिळून २५ तास लागले आणि शिवणाऱ्या बाईच्या हातात १,००० रुपये पडले, तर ताशी मजुरी ४० रुपये झाली.

घरची गोधडी आजी-आईने दुपारच्या फावल्या वेळेत शिवली, म्हणून तिच्या श्रमाची किंमत कुणी मोजली नाही. तीच सवय बाजारातही चालू राहिली तर शिवणारे हात हे काम सोडून देतील. मग जुनं कापड असलं तरी त्याची गोधडी होणार नाही.

विकत घेताना किंवा शिवायला देताना काय पाहावं?

• कापड जुनं आहे की नवं, हे थेट विचारा. जुनं सुती कापड हाताला मऊ लागतं आणि आतल्या थरांचे रंग बहुधा वेगवेगळे असतात.
• आत फोम किंवा पॉलिस्टरची भर आहे का, ते दाबून पाहा. तशी भर असेल तर ती पारंपरिक गोधडी नाही.
• हातशिलाईचे टाके किंचित कमी-जास्त असतात. यंत्राची शिलाई एकसारखी असते. यंत्रावर शिवलेली गोधडी वाईट नसते, पण ती हातशिलाईच्या भावाने घेऊ नका.
• शिलाईतले किती पैसे शिवणाऱ्या व्यक्तीला मिळतात, हे विचारायला संकोच करू नका.
• घरच्या साड्या द्यायच्या असतील तर सुती आणि सिंथेटिक वेगळ्या करा. सिंथेटिक कापडाच्या पिशव्या किंवा झाकणं शिवून घेता येतील.
• बाळाच्या दुपट्यासाठी फक्त धुतलेलं मऊ सुती कापड वापरा. जर, टिकल्या आणि सुटे दोरे नकोत.

धुण्याचं काय?

भिजलेली गोधडी खूप जड होते आणि आतले थर लवकर वाळत नाहीत. म्हणून ती कडक उन्हातच धुवावी. गावोगावी घटस्थापनेच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या नदी-ओढ्यावर नेऊन धुण्याची पद्धत आहे. पावसाळ्याचा दमटपणा त्यामुळे निघून जातो. एरवी महिन्यातून एक-दोनदा ऊन दाखवलं तरी पुरतं. एखादा टाका उसवला तर तो लगेच घालून घ्यावा आणि विरलेल्या जागी ठिगळ लावावं. गोधडीला ठिगळ लागलं म्हणून ती जुनी ठरत नाही, कारण मुळात ती ठिगळांचीच बनलेली असते.