बुटक्या नेपोलियनची कुळकथा

आमच्या शाळेत प्रार्थनेची रांग उंचीप्रमाणे लागायची आणि मी कायम पहिल्या दोघांत. एका वर्षी गॅदरिंगच्या नाटकात मला सेनापतीचं काम हवं होतं, ते उंच मुलाला गेलं. माझा उतरलेला चेहरा पाहून बाईंनी पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अरे, नेपोलियनसुद्धा बुटकाच होता. मूर्ती लहान, पण कीर्ती महान." त्या वाक्याचा आधार मला पुढे कितीतरी वर्षं पुरला. म्हणूनच नेपोलियन बुटका नव्हता हे वाचनात आलं, तेव्हा मला राहवेना. मग हा 'बुटका नेपोलियन' जन्मला कुठे, वाढला कुणाच्या घरात, आणि आमच्या प्रार्थनेच्या रांगेपर्यंत पोचला कसा?

आधी माप पाहू. ५ मे १८२१ च्या संध्याकाळी, सहाला थोडी मिनिटं असताना, नेपोलियन सेंट हेलेना बेटावरच्या लाँगवुड इथल्या घरात वारला. दुसऱ्या दिवशी त्याच घरात शवविच्छेदन झालं. ते केलं त्याच्या कॉर्सिकन डॉक्टरने, फ्रांचेस्को आंतोमार्कीने. भोवती ब्रिटिश डॉक्टर उभे होते. डोक्याच्या टोकापासून टाचेपर्यंतची लांबी आंतोमार्कीने नोंदवली: ५ पिए, २ पूस, ४ लीन्य.

पिए म्हणजे पाऊल, आणि माप म्हणून फूट. पूस म्हणजे अंगठा, आणि माप म्हणून इंच. पुसाचा बारावा हिस्सा तो लीन्य. इंग्रजीत उलथा करणाऱ्याने शब्दाला शब्द ठेवला की झालं पाच फूट दोन इंच आणि वर थोडं. पण फूट म्हटलं की आपल्याला आठवते ती दप्तरातली बारा इंची पट्टी. ती ३०.४८ सेंटीमीटरची. फ्रान्सचं जुनं माप 'पिए दु रुआ', म्हणजे राजाचं पाऊल, ३२.४८ सेंटीमीटरचं होतं. एका फुटात दोन सेंटीमीटरचा फरक काही डोळ्यात भरत नाही. पाच फुटांत तो दहा सेंटीमीटर होतो. हिशेब मांडून पाहा: इंग्लिश पट्टीने हा माणूस जेमतेम १५८ सेंटीमीटर भरतो, फ्रेंच पट्टीने जवळजवळ १६९. आपल्या बोलीत सांगायचं तर साडेपाच फुटांपेक्षा किंचित उंच. त्या काळच्या फ्रान्समध्ये पुरुषाची सरासरी उंची १६५ सेंटीमीटरच्या आसपास होती. म्हणजे सैनिकांच्या घोळक्यात तो उभा राहिला असता तर चारचौघांसारखाच, किंबहुना बोटभर उंचच दिसला असता.

एकट्या आंतोमार्कीवर विसंबायचीही गरज नाही. नेपोलियनचा खासगी सेवक कोंस्तां याने आपल्या आठवणींत धन्याची उंची ५ पिए, २ पूस, ३ लीन्य दिली आहे. दोघांत फरक एका लीन्यचा, म्हणजे सव्वादोन मिलिमीटरचा. आणि मला सगळ्यात मोलाची वाटते ती साक्ष शत्रूची. जुलै १८१५ मध्ये, वॉटर्लूच्या पराभवानंतर, नेपोलियन 'बेलेरोफॉन' या ब्रिटिश युद्धनौकेवर जाऊन स्वाधीन झाला. त्या जहाजाचा कप्तान फ्रेडरिक मेटलंड याने पुढे त्या दिवसांची हकीकत लिहिली. त्याच्या अंदाजाने नेपोलियन सुमारे पाच फूट सात इंचांचा होता. हे इंच इंग्लिश आणि नजरही इंग्लिश! मेटलंडने त्याला आपल्याच जहाजावर बरेच दिवस जवळून पाहिलं होतं.

मग मापाच्या गोंधळानेच हा घोळ झाला, असं म्हणून विषय मिटवता येईल. बरेच जण तसा मिटवतातही. मला ते पटत नाही, कारण तारखा जुळत नाहीत. आंतोमार्कीने माप घेतलं १८२१ मध्ये. बुटका नेपोलियन त्याच्या अठरा वर्षं आधी लंडनमध्ये जन्मला होता.

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर हॅना हम्फ्री या बाईंचं चित्रांचं दुकान होतं. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेली, हाताने रंगवलेली व्यंगचित्रं तिथे खिडकीच्या काचेत लावलेली असत आणि येणारेजाणारे रस्त्यात थांबून बघत. विकत घ्यायची ऐपत नसलेल्यालाही चित्र फुकट पाहायला मिळे. या दुकानाचा चित्रकार जेम्स गिलरे. मे १८०३ मध्ये इंग्लंड-फ्रान्सचा तह मोडला, पुन्हा युद्ध पेटलं, आणि पलीकडच्या किनाऱ्यावरून फ्रेंच फौजा कधीही उतरतील या धास्तीत अख्खं इंग्लंड होतं. त्याच महिन्यात गिलरेने 'लिट्ल बोनी' काढला. बोनापार्टचा झाला बोनी, आणि बोनीच्या मागे लागलं 'लिट्ल'. ब्रिटिश वर्तमानपत्रांवर संतापून सामानसुमान उलथंपालथं करणारं, हातपाय झाडणारं एक पोरच म्हणा ना.

पुढच्याच महिन्यात त्याने गलिव्हरच्या गोष्टीतला राक्षसांचा देश घेतला. या चित्रापाशी थोडं थांबायला हवं. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज उभा आहे, गुबगुबीत, स्वस्थ. त्याच्या तळहातावर बोटाएवढा नेपोलियन तलवार उपसून उभा, आणि राजा दुर्बीण डोळ्याला लावून त्याला न्याहाळतो आहे. एवढंच चित्र. पण ज्याच्या भीतीने किनाऱ्यावरची माणसं रात्री दचकून उठत होती, तो माणूस राजाच्या मुठीत मावतो हे एका नजरेत कळतं. भीतीवर इतका जालीम उतारा शब्दांत देता आला नसता. १८०५ मध्ये गिलरेने पंतप्रधान पिट आणि नेपोलियन यांना एका टेबलाशी समोरासमोर बसवलं. मध्ये पृथ्वीच्या गोलाचं पुडिंग. सडपातळ, उंच पिट निवांतपणे समुद्र कापून घेतो, तर नेपोलियनला युरोपपर्यंत हात पोचवायला खुर्चीवरून अर्धवट उठावं लागतं. टोपीवरचा भलामोठा तुरा त्याला आणखीच खुजा करतो. इतर चित्रकारांनी हाच नमुना गिरवला आणि तो कायमचा ठरून गेला.

त्यातच फ्रान्समधूनही एक विशेषण आयतं मिळालं. १० मे १७९६ ला इटलीत लोदीच्या पुलावर लढाई झाली. सेनापती असूनही नेपोलियनने तोफांचा नेम धरण्यात स्वतः लक्ष घातलं. ते काम खरं कॉर्पोरलचं. तेव्हापासून शिपाई त्याला 'पती कापोराल', छोटा कॉर्पोरल म्हणू लागले. हा 'छोटा' मराठी माणसाला समजावून सांगायला नको. टिळकांचं नाव केशव. घरात बाळ म्हणत, ते बाळच जन्मभर राहिलं आणि सगळ्या देशाने ते मानाने घेतलं. बाळासाहेब नावाचा सहा फुटी माणूस आपल्याकडे गावोगाव भेटतो. लाडाने दिलेलं नाव कुणी टेपने मोजत नाही. परक्या भाषेत मात्र लाड गळून जातो आणि नुसतं माप उरतं. शिवाय नेपोलियनच्या भोवती सतत असायचे त्याच्या गार्डचे ग्रेनेडियर. निवडून निवडून घेतलेले उंच गडी, डोक्यावर आणखी अस्वलाच्या कातड्याचा उंच टोप.

म्हणजे चित्र आधी तयार होतं. १८२१ नंतर त्या चित्राला नुसता आकडा येऊन चिकटला. लोकांना तो खरा वाटला, कारण डोळ्यांना त्याची सवय आधीच झाली होती.

आणि ज्या मापाने हा घात केला, ते संपवण्याचं काम फ्रान्सने नेपोलियनच्याच हयातीत हाती घेतलं होतं. गावागावांत निराळ्या फुटांना आणि शेरांना लोक विटले होते. पृथ्वीच्या परिघावरून नवं माप काढण्यासाठी विद्वानांची समिती नेमली गेली, तिच्यात गणिती लाप्लास होते. याच लाप्लासनी १७८५ मध्ये सोळा वर्षांच्या नेपोलियनची तोफखान्याची परीक्षा घेतली होती. तो ५८ जणांत बेचाळिसावा आला. नवं माप लोकांच्या अंगवळणी पडावं म्हणून पॅरिसमध्ये ठिकठिकाणी भिंतीत संगमरवरी मीटर बसवले. त्यांतला एक व्होजिरार रस्त्यावरच्या एका कमानीखाली आजही आहे. डेसिमीटर, सेंटीमीटरच्या खुणा कोरलेला तो दगडी पट्टा दोन टोकांमध्ये असा बसवला आहे की कापड सरळ त्याला लावून मोजावं. डिसेंबर १७९९ मध्ये, नेपोलियन सत्तेवर येऊन महिना होतो न होतो तोच, मीटरची कायम लांबी कायद्याने ठरली.

पण लोकांच्या तोंडचा पिए काही जाईना. शेवटी १२ फेब्रुवारी १८१२ च्या हुकमाने नेपोलियनने रोजच्या व्यवहारापुरती जुनी नावं परत आणली. मीटरचा तिसरा हिस्सा तो पिए, म्हणजे ३३.३३ सेंटीमीटर. आपल्याकडे वेगळं काय झालं? १९५६ मध्ये कायदा झाला, दुकानदाराच्या हातात मीटरची पट्टी आली, पण लुगडं नऊवारीच राहिलं. ते आठ मीटर तेवीस सेंटीमीटरचं आहे असं कुणी म्हणत नाही. उंचीही आपण अजून फूट-इंचातच सांगतो. तर आता एका 'फूट' शब्दाच्या पोटात तीन लांब्या झाल्या: इंग्लिश, राजाची आणि नेपोलियनची. त्याच्याच हुकमातल्या फुटाने आंतोमार्कीचा आकडा धरला तर तो १७३ सेंटीमीटर भरेल. इतिहासकार मात्र राजाचंच पाऊल धरतात, आणि मेटलंडच्या अंदाजाशी तेच अधिक जुळतं.

फ्रान्सने पुढे ही सवलत काढून घेतली. १ जानेवारी १८४० पासून पिए आणि पूस वापरणं बेकायदा ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात सेंट हेलेनावरची कबर उघडली आणि १५ डिसेंबरला, कडाक्याच्या थंडीत, नेपोलियनची शवपेटी पॅरिसमध्ये आली. ज्या मापाने त्याला शेवटचं मोजलं होतं, ते त्या शहरात तोवर चालेनासं झालं होतं.