ठाणे जिल्हा: रोज सकाळी सगळी गर्दी एकाच दिशेला का?

घर डोंबिवली, टिटवाळा किंवा बदलापूरला आणि नोकरी मुंबईत. ठाणे जिल्ह्यातल्या लाखो लोकांचा दिवस असाच सुरू होतो. पण जिल्ह्यातले सगळेच लोकलने जातात का?

आधी रेल्वे, मग वस्ती

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी रेल्वे धावली. अंतर होतं सुमारे 34 किलोमीटर. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले. तिथून आज एक मार्ग कसाऱ्याकडे आणि दुसरा कर्जतकडे जातो. मुंबईत घर परवडेनासं झालं, तशी वस्ती याच मार्गांवर पुढे सरकत गेली. ऑफिसं मात्र बहुतांश मुंबईतच राहिली.

म्हणूनच सकाळी मुंबईकडे जाणारी लोकल खचाखच भरते आणि उलट दिशेच्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते. काही जण तर आधी मागे जाऊन ‘डाऊन’ गाडीत जागा पकडतात आणि तीच गाडी परत फिरली की तिने मुंबईला येतात.

सगळे मध्य रेल्वेने जात नाहीत

• मीरा-भाईंदर: जिल्हा ठाणे, पण लोकल पश्चिम रेल्वेची.
• ऐरोली, वाशी: 2004 पासून ट्रान्सहार्बर मार्गामुळे ठाण्याहून थेट लोकल.
• भिवंडी: यंत्रमाग आणि गोदामांचं शहर. दिवा-वसई मार्गावर स्टेशन आहे, पण गाड्या मोजक्याच. त्यामुळे बस, रिक्षा आणि दुचाकीवर भर.
• मुरबाड: तालुक्याच्या गावी रेल्वे नाही. एसटीने कल्याण गाठावं लागतं.

लोकलने जाणाऱ्यांनाही स्टेशन गाठायला शेअर रिक्षा, बस किंवा दुचाकी लागतेच. रिक्षाच्या रांगेत दहा मिनिटं गेली की नेहमीची लोकल चुकते आणि पुढची आणखी भरून येते.

याची किंमत काय?

9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकून प्रवास करणारे प्रवासी खाली पडले. त्यात किमान चौघांचा जीव गेला. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवण्याची घोषणा रेल्वेने केली.

पण दरवाजे बंद झाले म्हणून गर्दी कमी होत नाही. त्यासाठी गाड्या वाढवाव्या लागतात आणि गाड्यांसाठी रूळ. ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झाली, ती लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलच्या वाटेतून बाजूला काढण्यासाठीच. दुसरा उपाय म्हणजे घराजवळ नोकऱ्या. ऐरोली-घणसोलीच्या कंपन्यांत जाणाऱ्या कळवा-ठाणेकरांना मुंबईत शिरावंच लागत नाही.