मरळ : वयानुसार होणारा रूपबदल

मरळ (शास्त्रीय नाव चॅना मॅरुलियस, कुल चॅनिडी) : गोड्या पाण्यातील मांसाहारी मासा. सातारा व सांगली जिल्ह्यांत कृष्णा, कोयना, वारणा या नद्यांचे डोह, तलाव व जलाशयांत आढळतो. डोके सापासारखे चपटे, तोंड मोठे व शरीर लांबट असते. पूर्ण वाढलेली मरळ एक मीटरहून लांब होऊ शकते.

वाढ होताना तिचे रूप इतके पालटते, की पिलू आणि प्रौढ मासा वेगळ्या जातींचे वाटावेत. लहान माशाच्या बाजूवर डोळ्यापासून शेपटीपर्यंत नारिंगी पट्टा असतो. पुच्छपक्षाच्या बुडाशी नारिंगी कडेचा काळा डोळ्यासारखा ठिपका दिसतो. वय वाढते तसा पट्टा पुसट होऊन नाहीसा होतो, कुशीवर मोठे काळपट डाग उमटतात आणि त्यांभोवती पांढरे ठिपके विखुरतात. शेपटीजवळचा ठिपकाही अनेकदा फिका पडतो. हा ठिपका शत्रूचा हल्ला डोक्याऐवजी शेपटीकडे वळवत असावा, असे मानतात.

रंगाबरोबर राहणीही बदलते. मरळ पावसाळ्याच्या तोंडावर व पावसाळ्यात विते. अंडी पाण्यावर तरंगतात. पिले थव्याने पृष्ठभागाजवळ फिरतात आणि आईबाप त्यांची राखण करतात. आरंभी सूक्ष्म जीवांवर जगणारी पिले पुढे कीटक, मासे व बेडूक खाऊ लागतात. मोठी मरळ दबा धरून शिकार करते. तिचे काळपट डाग पाणवनस्पतींच्या सावलीत मिसळून जातात.

कर्नल सायक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनमधील पांढऱ्या ठिपक्यांच्या मरळीला स्वतंत्र जातीचे नाव दिले होते. आज ते सामान्यतः मरळीचेच समानार्थी नाव धरतात. समुद्रातील सम्राट एंजलफिशबाबतही असे घडले. त्याच्या निळ्या पिलाच्या अंगावर पांढरी वर्तुळे असतात, तर प्रौढावर पिवळे-निळे आडवे पट्टे. या पिलाला १८०१ मध्ये निकोबारच्या नावाने वेगळी जात ठरवले गेले होते.

म्हणून मरळ ओळखताना रंगापेक्षा वयानुसार न बदलणारी लक्षणे पाहतात. तिच्या पृष्ठपक्षात साधारण ४५ ते ५५ अर असतात. तिच्यासारख्याच दिसणाऱ्या चॅना स्ट्रायटा या जातीत ते कमी असतात.