विवाह छायाचित्रण, सहज

विवाहविधी चालू असताना वधूवरांना व आप्तेष्टांना विशिष्ट ढब (पोझ) घ्यावयास न लावता, विधीत व्यत्यय न आणता आणि शक्यतो तेथे असलेल्या प्रकाशातच छायाचित्रे घेण्याची पद्धती. व्यवहारात ती ‘कँडिड’ छायाचित्रण या नावाने ओळखली जाते. नैसर्गिक प्रकाश आणि सहजता ही तिची दोन प्रमुख अंगे आहेत. आज ही दोन्ही एकत्र आढळत असली, तरी त्यांचा इतिहास एक नाही. छायाचित्रणाच्या आरंभकाळात नैसर्गिक प्रकाश हेच एकमेव साधन होते. परंतु त्या प्रकाशात चित्र उमटण्यासाठी माणसाला निश्चल राहावे लागे. पुढे कृत्रिम प्रकाशाने निश्चल राहण्याची गरज संपविली, तथापि निश्चलतेची रीत मात्र टिकून राहिली. या दोन अंगांचा मेळ बसण्यास सु. दीड शतकाचा काळ जावा लागला. लग्न छायाचित्रासाठी थांबणार, की छायाचित्र लग्नाच्या गतीने चालणार, हा या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न होय. सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसराच्या संदर्भात तो विशेष स्पष्टपणे पाहता येतो.

स्थानिक पार्श्वभूमी : तासगाव हे सांगलीच्या उत्तरेस सु. २५ किमी. वर असलेले तालुक्याचे ठिकाण. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकात बांधलेले गणेशमंदिर व त्याचे दाक्षिणात्य धर्तीचे गोपुर, भाद्रपदातील रथोत्सव आणि द्राक्षे व बेदाणा यांची बाजारपेठ यांमुळे ते प्रसिद्ध आहे. पटवर्धनांची तासगावची जहागीर १८४८ मध्ये खालसा झाली आणि हा भाग सातारा जिल्ह्यात समाविष्ट झाला. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. जहागीर खालसा होण्याचा काळ छायाचित्रणाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध या संस्थानांत राजघराणी टिकून राहिली आणि राजघराणी ही त्या काळी देशभर छायाचित्रकारांचे मोठे आश्रयदाते होती. तासगावास असा दरबारी आश्रय उरला नाही. येथील लग्नाचे चित्र दरबारी परंपरेतून नव्हे, तर सामान्य शेतकरी, व्यापारी व नोकरदार यांच्या गरजेतून घडत गेले.

तंत्राचा विकास : फ्रान्समध्ये १८३९ मध्ये जाहीर झालेल्या दागेरच्या पद्धतीत प्रारंभी उद्भासनास (पट्टिकेवर प्रकाश पडू देण्यास) अनेक मिनिटे लागत. फ्रेडरिक स्कॉट आर्चर याने १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ओल्या कलोडियन पद्धतीने हा काळ काही सेकंदांवर आला. परंतु काचेची पट्टिका ओली असतानाच तिच्यावर चित्र घेऊन ते तेथल्या तेथे विकसित करावे लागे. उष्ण हवामानात पट्टिका लवकर वाळत असल्याने दख्खनच्या उन्हाळ्यात, म्हणजे ऐन लग्नसराईत, हे काम अधिकच अवघड होते. चित्रशाळांत ग्राहकाची मान हलू नये म्हणून तिच्यामागे लोखंडी आधार लावीत. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू नारायण दाजी यांचा तिच्याशी संबंध होता. लगेच १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तेथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतील आद्य भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक होत. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी चित्रशाळा काढली. स्त्रीचे छायाचित्र ही त्या काळी किती संकोचाची बाब होती, हे त्यावरून दिसते.

रिचर्ड लीच मॅडॉक्स याने १८७१ मध्ये सुचविलेली जिलेटिनाची कोरडी पट्टिका पुढील दशकात प्रचारात आली व उघड्यावर सेकंदाच्या अंशात चित्र घेणे शक्य झाले. घरात वा मांडवाखाली मात्र प्रकाश अपुराच पडे. त्यासाठी १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमयुक्त क्षणदीप्तीची भुकटी तयार करण्यात आली. तिचा भडका, धूर व ठिणग्या पाहता कापडाच्या आणि झावळ्यांच्या मांडवात ती वापरणे धोक्याचेच होते. जर्मनीतच १९२९ च्या सुमारास क्षणदीपाचा बंदिस्त काचदिवा आला आणि १९३० नंतरच्या दशकात हॅरल्ड एजर्टन याच्या प्रयोगांतून इलेक्ट्रॉनिक क्षणदीप, म्हणजेच आजचा ‘फ्लॅश’, विकसित झाला.

ढब घेण्याची रीत : दीर्घ उद्भासनकाळातून निर्माण झालेली निश्चलता हळूहळू प्रतिष्ठेचे लक्षण बनली. महाराष्ट्रातील जुन्या घरांत आढळणाऱ्या दांपत्यचित्रांत पती खुर्चीवर बसलेला व पत्नी शेजारी उभी, दोघांची दृष्टी समोर आणि चेहऱ्यावर हास्य नाही, अशी मांडणी सामान्यतः दिसते. समूहचित्रांत वडीलधारी मंडळी मध्यभागी, स्त्रिया कडेला वा मागे आणि मुले जमिनीवर, असा क्रम असे. अशा चित्रांत कुटुंबाची रचना स्पष्ट होते. विवाह मात्र दिसत नाही. हळद दळणाऱ्या बायका, पंगतीत वाढणारे हात, वाजंत्री, चुलाणाजवळचे आचारी आणि पाठवणीच्या वेळी खांबाआड उभा राहिलेला बाप यांना त्यांत स्थान नव्हते. सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ही उणीव मोठी आहे. कारण लग्न ज्यांच्या श्रमाने उभे राहते, तेच त्याच्या नोंदीतून वगळले गेले.

या रीतीस आर्थिक कारणही होते. स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे फिल्म महाग व दुर्मिळ होती. हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीची स्थापना १९६० मध्ये उटकमंड येथे झाली आणि १९६७ पासून तिचे उत्पादन सुरू झाले. तिची ‘इंदू’ ही फिल्म पुढे देशभर वापरली गेली. घरोघरी पोहोचलेल्या ‘अॅग्फा क्लिक’ सारख्या साध्या कॅमेऱ्यात एका गुंडाळीवर १२ चौरस चित्रे निघत. तीही उन्हात घेतली तरच बरी येत. व्यावसायिकांच्या दुहेरी भिंगांच्या कॅमेऱ्यांतही गुंडाळीमागे १२ चित्रांचीच मर्यादा होती. चुकलेले चित्र परवडत नसल्याने ‘जरा इकडे बघा’ असे सांगून निश्चिती करून घेणे हे छायाचित्रकाराच्या दृष्टीने व्यवहार्यच होते.

सहजतेचा उगम : ढबीवाचून छायाचित्रण करण्याची प्रेरणा विवाहसमारंभातून नव्हे, तर वृत्तपत्रव्यवसायातून आली. ड्रेझ्डेन येथे १९२४ मध्ये तयार झालेल्या एर्मानॉक्स कॅमेऱ्याच्या भिंगाची प्रकाशग्रहणशक्ती त्या काळी असाधारण होती. जर्मन छायाचित्रकार एरिख सालोमोन (१८८६–१९४४) याने तो वापरून १९२८ पासून न्यायालये, परिषदा व मेजवान्या यांची चित्रे तेथल्याच दिव्यांच्या प्रकाशात टिपली. लंडनच्या द ग्राफिक या साप्ताहिकाने त्याच्या चित्रांसाठी ‘कँडिड कॅमेरा’ हा शब्दप्रयोग रूढ केला. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने एका फिल्मवर ३६ चित्रे मिळू लागली. आंरी कार्त्ये-ब्रेसाँ (१९०८–२००४) याने या कॅमेऱ्याच्या साहाय्याने, क्षणदीप कटाक्षाने टाळून, प्रसंगातील नेमका क्षण टिपण्याची दृष्टी रूढ केली. अमेरिकेत या दृष्टीचा विवाहसमारंभात वापर करणाऱ्यांत डेनिस रेगी हा प्रमुख होय. जॉन एफ. केनेडी (कनिष्ठ) याच्या १९९६ मधील विवाहानंतर चर्चमधून बाहेर पडतानाचे रेगीने घेतलेले चित्र जगभर प्रसिद्ध झाले आणि या पद्धतीस मोठी चालना मिळाली.

दक्षिण महाराष्ट्रात नैसर्गिक प्रकाशाच्या जाणकारीची एक परंपरा चित्रपटव्यवसायात होती. मूकपटांच्या काळात कोल्हापूर येथे चित्रीकरण मुख्यत्वे सूर्यप्रकाशात होई. डोक्यावर पांढरे कापड ताणून ऊन सौम्य केले जाई व परावर्तकांनी ते पात्रांच्या चेहऱ्यांवर वळविले जाई. बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांच्या सिंहगड (१९२३) या मूकपटात कृत्रिम प्रकाशाचा लक्षणीय वापर झाला. पांढऱ्या कापडाचा मांडवही हेच काम करतो. त्याखाली येणारा प्रकाश मऊ व बिनसावलीचा असतो. रंगीत कनातींमुळे मात्र चेहऱ्यांवर लाल-पिवळी झाक येते.

तासगावचा प्रकाश व विवाहविधी : तासगाव सु. १७° उत्तर अक्षांशावर असल्याने ८ मेच्या सुमारास, म्हणजे वैशाखातील लग्नसराईतच, मध्यान्हीचा सूर्य येथे जवळजवळ डोक्यावर येतो. उघड्यावर अशा वेळी कपाळ व नाक उजळते, तर डोळे काळोखात राहतात. फेटा किंवा मुंडावळ्या यांची सावली त्यात भर घालते. याउलट गोरज मुहूर्तावरील प्रकाश सौम्य असतो. पण सूर्यास्तानंतर २०–२५ मिनिटांतच तो मावळतो. जुन्या वाड्यांचा चौक आणि शेतकऱ्याच्या घराचा सोपा या दोन जागा छायाचित्रकारास विशेष उपयुक्त ठरतात. कारण तेथे प्रकाश एका बाजूने, अंगणावरून परावर्तित होऊन येतो. सकाळची हळद सामान्यतः अशाच जागी लागते.

विधींपैकी बहुतेकांचे स्वरूप क्षणिक असते. शेवटचे मंगलाष्टक संपते, अंतरपाट दूर होतो, वाजंत्री वाजू लागतात, अक्षता पडतात आणि वधूवर एकमेकांकडे पाहतात; हे सर्व काही सेकंदांत घडते व पुन्हा घडवून आणता येत नाही. हवेतील अक्षता ठळक उमटण्यासाठी उद्भासन सु. १/५०० सेकंद लागते, तर त्याच मांडवातील अंधुक प्रकाश अधिक वेळ मागतो. लाजाहोमाच्या वेळी अग्नीचा आणि झालीच्या वेळी टोपलीतील दिव्यांचा उजेड चेहऱ्यावर पडतो. क्षणदीप वापरताच हा उजेड नाहीसा होतो व चित्रात केवळ विधीचे साहित्य उरते. कानपिळीच्या वेळचा हशा किंवा पाठवणीचे रडे यांना ‘पुन्हा एकदा’ म्हणता येत नाही. तासगाव परिसरातील लिंगायत, जैन, बौद्ध व मुस्लिम समाजांचे विवाहविधी भिन्न असले, तरी क्षणाची ही अडचण त्या सर्वांस समान आहे.

रंगीत फिल्म व संवेदक : तासगावसारख्या ठिकाणी रंगीत छायाचित्रणाच्या प्रसारामुळे क्षणदीपाचा वापर वाढला, कारण प्रचारातील रंगीत फिल्म सामान्यतः १०० आयएसओ इतक्या कमी संवेदनशीलतेची असे. १९८० नंतर व्हिडिओ चित्रण आले व त्याबरोबर डोळे दिपविणारे हॅलोजन दिवेही मांडवात आले. भटजींना थांबवून विधी पुन्हा करावयास लावण्याचे प्रकारही याच काळात वाढले. हा कोंडा अंकीय (डिजिटल) कॅमेऱ्यांनी फोडला. २००७ मधील निकॉन डी-३ या कॅमेऱ्यात ६४०० आयएसओपर्यंतची संवेदनशीलता उपलब्ध झाली; म्हणजे १०० आयएसओच्या फिल्मला लागणाऱ्या प्रकाशाच्या १/६४ प्रकाशात तेच चित्र घेता येऊ लागले. चित्रागणिक होणारा फिल्मचा खर्चही संपला. समईच्या उजेडात, न हलविता व न थांबविता माणसे टिपणे त्यामुळे शक्य झाले आणि २००० नंतरच्या दोन दशकांत ही पद्धती महानगरांतून तालुक्यांच्या गावी पोहोचली. कोविड-१९ च्या साथीत एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने विवाहास २५ व्यक्ती व दोन तास अशी मर्यादा घातली होती. त्या काळात अनेक विवाह पुन्हा अंगणांत व दिवसाच्या उजेडात झाले.

मूल्यमापन : या पद्धतीस मर्यादाही आहेत. नकळत टिपलेल्या चित्रात संबंधिताची संमती गृहीत धरली जाते. रडणारी वधू, जेवणारा पाहुणा किंवा राबणारा मजूर यांना आपले चित्र कोठे जाणार हे ठाऊक नसते. विवाहापूर्वी मुद्दाम घेतली जाणारी चित्रे सहजतेचा आभास निर्माण करतात. ती वस्तुतः ढबीचीच नवी आवृत्ती होय. खर्चाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. याच परिसरात १९४२ नंतर सातारच्या प्रतिसरकारने कमी खर्चाच्या ‘गांधी विवाहां’चा पुरस्कार केला होता; आज छायाचित्रण ही लग्नखर्चातील एक मोठी बाब झाली आहे. शिवाय पूर्वीची बारा चित्रे सोप्याच्या भिंतीवर वा ट्रंकेत पिढ्यान्पिढ्या राहिली. आजची हजारो चित्रे संगणकाच्या तबकडीत असतात व ती निकामी झाल्यास एकदम नष्ट होतात.

असे असले, तरी या पद्धतीने विवाहाच्या नोंदीचे क्षेत्र विस्तारले, हे तिचे प्रमुख कार्य होय. जुन्या समूहचित्रात मांडणीच्या कडेला असलेली आजी, आत्या वा करवली तिच्यामुळे चित्राच्या केंद्रस्थानी येऊ शकली आणि घरातील माणसांचे परस्परसंबंध त्यांच्या हुद्द्यावरून नव्हे, तर त्यांच्या नजरेवरून व हातांवरून वाचता येऊ लागले. ढबीचे समूहचित्र कुटुंबाला आपण कसे दिसावे असे वाटत होते ते सांगते. सहज चित्र ते त्या दिवशी कसे होते ते सांगते. भावी अभ्यासकास या दोन्हींची गरज भासेल. म्हणूनच अनेक छायाचित्रकार विधी चालू असताना दूर उभे राहून सहज चित्रे घेतात आणि विधी आटोपल्यावर वडीलधाऱ्यांसह एक समूहचित्र काढतात.